आण्णांची पावसाची वही आणि "पाऊस बदललाय" हे तपासायचं कसं?

मांजराकाठ (धागाकर्ता), ६ मे

नमस्कार मंडळी. मी मूळचा बीडच्या केज तालुक्यातला, नोकरीमुळं पुण्यात असतो. आमचे आण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, घरची थोडी शेतीपण होती. ८७ च्या दुष्काळानंतर त्यांनी एक पर्जन्यमापक आणून परसात बसवला आणि जून १९८८ पासून रोज सकाळी मोजून वहीत लिहायला लागले. शेवटची नोंद ऑक्टोबर २०१९ ची, २०२० मध्ये ते गेले. बत्तीस पावसाळे, अकरा वह्या. एका रकान्यात तारीख, एकात मिलिमीटर आणि शेवटी शेरा. शेरे असे: "तूर भिजली." "आभाळ आलं, गेलं." "नाला भरला, पोरं घरी पाठवली."

या उन्हाळ्यात मी रोज रात्री बसून आकडे एक्सेलमध्ये चढवले. वरवर असं दिसतंय की पावसाचे दिवस चांगलेच कमी झालेत, मोसमाची बेरीजपण उतरलीय, पण एका दिवसात बदाबदा पडणारा पाऊस काही कमी झालेला नाही. गावात तर सगळेच म्हणतात पाऊस बदललाय, आणि गेल्या सप्टेंबरात बीड-धाराशिव-सोलापूरकडं अतिवृष्टीनं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंच. मला फक्त एवढं कळून घ्यायचंय की आण्णांच्या वहीवरून असं म्हणता येतं का? आणि म्हणायचं तर नेमकं काय काय तपासावं लागतं? इथं जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय.

वाशिष्ठी

बाकी सगळं नंतर, आधी त्या अकराच्या अकरा वह्यांचे फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. आजच. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाबांच्या दुकानातल्या जुन्या वह्या गेल्या. पाणी उतरल्यावर हातात आला तो चिखलाचा गोळा, एकेक पान सुटं करायला गेलं की शाई बोटाला लागायची. हिशेबाच्या वह्या होत्या म्हणून निभावलं, तुमच्याकडचा ऐवज परत मिळणारा नाही.

जुनाजाणता

दरवर्षी मे महिन्यात हा विषय निघतोच. पाऊस कधी बदलत नव्हता? ७२ च्या दुष्काळात काय कमी हाल झाले? मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेलोय, सुकडी खाल्लीय. निसर्गाचं चक्र असतं, चार वर्षं चांगली चार वाईट. बत्तीस वर्षांवरून हवामान बदललं म्हणणं घाईचं वाटतं. वडिलांच्या चिकाटीला मात्र मनापासून नमस्कार.

आकडेमोड

माझं कामच पावसाच्या आकड्यांचं आहे म्हणून सविस्तर लिहिते, लांबण लागेल.

जुनाजाणता काका म्हणतात त्यात तथ्य आहे, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर फसायला होतं. सुरुवात कुठून केली यावर रेषेचा कल ठरतो. १९८७ देशभर दुष्काळाचं वर्ष आणि १९८८ देशभर भरपूर पावसाचं. वही ८७ ला सुरू झाली असती तर रेषा वेगळी दिसली असती, ती ८८ ला सुरू झाली म्हणून पहिलाच खांब उंच आणि पुढचं सगळं उतरतं वाटणार. म्हणून पहिलं वर्ष शेवटच्याशी ताडून बघू नका.

साधी पद्धत म्हणजे मान-केंडल चाचणी. प्रत्येक वर्ष त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षाशी लावून बघायचं, पुढचं जास्त असेल तर अधिक एक, कमी असेल तर उणे एक. बत्तीस वर्षांच्या ४९६ जोड्या होतात. सगळ्यांची बेरीज शून्याच्या आसपास आली तर कल नाही, फार लांब गेली तर आहे. उतार किती हे काढायला सेनचा उतार, म्हणजे या सगळ्या जोड्यांचे उतार काढून त्यातला मधला घ्यायचा. मधला का, तर एखादं वेडंवाकडं वर्ष सगळं चित्र ओढून नेत नाही.

आता काय मोजायचं. नुसती मोसमाची बेरीज बघू नका. हवामान खात्याच्या भाषेत २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, ६४.५ पासून पुढं जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. तर दर वर्षी पावसाचे दिवस किती, जोरदार दिवस किती, सगळ्यात मोठा दिवस किती मिमीचा, आणि सगळ्यात लांब उघडीप किती दिवसांची, असे चार रकाने करा. शेतकऱ्याला बेरजेपेक्षा उघडीप जास्त मारते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तुम्हाला जे दिसतंय ते मोठ्या पटावर दिसलेलं आहे. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतासाठी १९५१ ते २००० ची आकडेवारी तपासली. दिवसाला १०० मिमीच्या वरचा पाऊस वाढलेला, मध्यम पाऊस घटलेला, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून मोसमाची बेरीज जवळपास तशीच. पुढं २०१७ मध्ये रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अशा घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीनं वाढल्या, आणि त्यात अरबी समुद्राकडून उसळून येणाऱ्या बाष्पाचा हात आहे. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळं भरायला वेळ लागतो आणि ओततानाही एकदम ओततं.

पण तुमच्या परसात तेच झालं असेल असं यावरून सिद्ध होत नाही, ते वेगळं तपासावं लागेल.

रानवारा

वाचनखूण साठवली. ताई, तुम्ही वेगळा लेखच लिहा.

काळी_माती

हे सगळं ठीक पण आमचा प्रश्न वेगळाय. अतिवृष्टी धरायला आमच्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी लागतो. मंडळाचं यंत्र आमच्या शिवारापासून अकरा किलोमीटरवर. एका वर्षी रात्रीतून आमच्याकडं बांध फुटला, सोयाबीन आडवं झालं, विहिरीचा कठडा खचला, आणि यंत्रात पाऊस ६५ च्या आत. पंचनामाच होईना. तलाठी म्हणाला मला दिसतंय हो, पण कागदावर काय लिहू. नदीपलीकडच्या मंडळात ७० च्या वर, तिथं सगळ्यांचे पंचनामे. तेव्हा मांजराकाठ, तुमच्या आण्णांसारखा एक माणूस आमच्या गावात असता तर निदान दाखवायला तरी काहीतरी होतं.

घाटमाथा

काळी_मातींना अनुमोदन, अंतर हा मोठा घोळ आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो आणि घाट उतरून वाईत आलात की हजाराच्या आत. गाडीनं तासाभराचा रस्ता. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पडला, त्या दिवशी पाचगणीत आमच्याकडंही पाऊस होताच पण त्याच्या पासंगाला पुरणारा नव्हता.

मुंबईचं तर सगळ्यांना माहीत आहे, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७४. कुलाब्याचाच तक्ता बघणारा म्हणेल काय विशेष झालं त्या दिवशी?

आकडेमोड

अगदी. म्हणूनच चौकोनांची आकडेवारी, म्हणजे नकाशावर चौकोन पाडून प्रत्येकाला एकच आकडा दिलेली, जपून वापरावी लागते. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या साइटवर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत फुकट मिळतो. पाव अंश म्हणजे सत्तावीसेक किलोमीटर. तुमचं वाई आणि महाबळेश्वर शेजारशेजारच्या किंवा एकाच चौकोनात येणार आणि मधला चढ घासून गुळगुळीत होणार. तापमान तर एक अंशाच्या चौकोनात, १९५१ पासून. एक अंश म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर, कोकणकिनारा, घाट आणि देश सगळं एकाच भांड्यात. शिवाय पाऊस मोजायची सगळी मिळून ६,९५५ केंद्रं वापरलेली असली तरी दर वर्षी तेवढी चालू नव्हती, केंद्रं कमी-जास्त झाली की चौकोनातलं टोकही बोथट किंवा धारदार होतं आणि आपण म्हणतो पाऊस बदलला.

मांजराकाठ, आणखी एक. आपल्याकडं पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्याच तारखेला लिहितात, म्हणजे २६ जुलैचा मुंबईचा पाऊस तक्त्यात २७ तारखेला सापडेल. आण्णा कुठल्या तारखेला लिहायचे ते नक्की करा, नाहीतर ताडताना सगळं एक दिवस सरकेल.

वऱ्हाडी_ऊन

पावसाचंच चाललंय, आमच्या उन्हाचंही बोला की. ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. आमच्या ग्रुपवर दिवसभर तेच, पुण्यातल्या भावाचा फोन, "बाहेर पडू नको रे". नंतर हवामान खात्यानं सांगितलं सेन्सर बिघडलेला होता. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९, तिथंही तपासल्यावर यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं असं निघालं. आता असा एक आकडा तुमच्या तक्त्यात गेला की झालं, विक्रमच. खरा म्हणावा असा नागपूरचा आकडा मे २०१३ चा, ४७.९.

पण एक सांगतो, दुपारचा पारा आम्हाला नवा नाही. रात्र बदलली. पूर्वी गच्चीवर पाणी मारून गादी टाकली की अकरापर्यंत गार व्हायचं, आता पहाटे तीनलाही फरशी पाठीला गरम लागते.

ऊनसावली

किमान तापमानाचा मुद्दा फार महत्त्वाचा. आणि दमटपणाचाही. मी पनवेलची. एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं गेली तेव्हा आसपासचा पारा ३८ च्या घरातच होता. विदर्भात ३८ म्हणजे बरा दिवस. उष्णतेच्या लाटेचा निकषही म्हणूनच किनाऱ्याला ३७ आणि मैदानी भागाला ४० पासून सुरू होतो. एकच आकडा सगळ्या राज्याला लावला तर कोकणातली लाट दिसणारच नाही.

जुनाजाणता

हे मान्य. रात्रीचं मलाही जाणवतं, पण शहरात सिमेंट वाढलं त्याचं काय? ते हवामान बदलात मोजायचं का?

आकडेमोड

काका, बरोबर मर्मावर बोट ठेवलंत. म्हणून शहरातलं केंद्र आणि जवळचं खेड्यातलं केंद्र जोडीनं बघतात. दोन्हीकडं वाढ असेल तर तेवढा भाग सगळ्या मुलखाचा, वरची जास्तीची वाढ शहराची. आजारी माणसाला मात्र दोन्ही एकत्रच सोसावी लागते.

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियात याच कामासाठी ११२ केंद्रांचा वेगळा संच ठेवलाय, १९१० पासूनचं रोजचं तापमान. केंद्र टपाल कार्यालयाच्या अंगणातून विमानतळावर गेलं, तापमापकाची पेटी बदलली, मोजायची वेळ बदलली, हे सगळं लिहून ठेवतात आणि त्यानं आकड्यांत आलेल्या उड्या काढून मग कल बघतात. आकड्यांइतकीच त्या केंद्राची जन्मकथा महत्त्वाची.

तरणापाऊस

अवांतर: आमची आजी सगळा हिशेब नक्षत्रांनी करायची. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. म्हणायची हल्ली मृग कोरडा जातो. कुणी नक्षत्रावार पाऊस मोजलाय का?

घाटमाथा

मोजता येईल की, रोजचे आकडे असले म्हणजे पंचांग लावून तेरा-चौदा दिवसांचे गठ्ठे करायचे. नक्षत्राची इंग्रजी तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकते, म्हणजे १९०१ पासून दोन दिवसांच्या आतच, त्यानं फारसं बिघडत नाही. आणि पेरणीचा निर्णय माणसं मृग बघूनच घेतात तर जून-जुलै अशा महिन्यांपेक्षा हे गठ्ठे जास्त कामाचे.

वाशिष्ठी

आकडेमोड ताई, एक विचारू? "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हणतात. आमच्याकडं २००५ ला आला, २०२१ ला आला. मग हे शंभर मोजतात कुठून?

आकडेमोड

त्याचा अर्थ दर वर्षी तसा पूर यायची शक्यता एक टक्का, एवढाच. मग तीस वर्षांच्या घरकर्जाच्या काळात तो एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के निघते, म्हणजे चारात एक. आणि हा हिशेबही जुना पाऊस पुढं तसाच राहील असं धरून. तो वाढला असेल तर शंभराचे चाळीस-पन्नास कधी झाले ते कळतही नाही. पूल, मोऱ्या, नाले जुन्या हिशेबावर बांधलेले असतात, तिथं हे दुखतं.

मांजराकाठ, २४ मे

सगळ्यांचे आभार. वह्यांचे फोटो काढले, वाशिष्ठी ताई. चार रकाने केले. चाचणीत पावसाचे दिवस नक्की घटलेत असं येतंय, अगदी ठामपणे. बेरीजही घटतीय. ६५ च्या वरचे दिवस थोडे वाढलेत पण चाचणी "सांगता येत नाही" म्हणते. म्हणजे बेरीज सोडली तर गोस्वामींच्या अभ्यासात आहे तसंच की! खरं सांगतो, रात्री एक वाजता ते बघून अंगावर काटा आला. आण्णांनी एकट्यानं परसात ते टिपलं.

आकडेमोड

थांबा थोडं. आनंदावर विरजण घालत नाही, पण पावसाचे दिवस इतके ठामपणे घटलेले बघून मला शंका येतेय. तालुक्याच्या ठिकाणचे रोजचे आकडे मिळवा. मग दोन्हींची चढती बेरीज करा, पहिलं वर्ष, पहिली दोन, पहिली तीन असं. एका अक्षावर तालुका, दुसऱ्यावर आण्णा. दोन्ही पर्जन्यमापक नीट असतील तर रेषा सरळ जाते. कुठं वाकली तर त्या वर्षी दोघांपैकी एकाकडं काहीतरी बदललंय, आभाळात नाही. आणि त्या शेऱ्याच्या रकान्यात काय काय आहे? ते चढवलंत का?

मांजराकाठ

शेरे नाही चढवले. ते कुठं मोजता येतात म्हणून सोडून दिले. आता बसतो.

मांजराकाठ, १३ जून

उशीर झाला, गावाकडं होतो. तहसीलमधल्या एका क्लार्कनं जुनी रजिस्टरं काढून दिली, मोबाइलवर फोटो काढत दोन दिवस बसलो.

रेषा वाकली. १९८८ पासून २००३ पर्यंत दोरी ताणल्यासारखी सरळ, मग हळूहळू खाली. म्हणजे आण्णांचा पाऊस तालुक्यापेक्षा कमी कमी होत गेला. मध्ये दोन पावसाळे परत सरळ आणि पुन्हा खाली. मला काही उमजेना. मग शेरे वाचायला घेतले, सगळ्या अकरा वह्या, आणि एप्रिल २००९ च्या पानावर पाऊस नसताना एकच ओळ: "लिंब छाटला."

आईला विचारलं. ती म्हणाली, अरे तो लिंब, तुझ्या आण्णांनीच लावलाय सावलीला. तिनं अल्बम काढला. १९९७ चा ताईच्या लग्नाचा फोटो, परसात मांडवाचा खांब, मागं पर्जन्यमापक आणि त्याच्या दीडएक हातावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलेलं गुडघ्याएवढं रोप. आता त्या झाडाखाली आमचा ट्रॅक्टर उभा राहतो. पर्जन्यमापक अजून तिथंच आहे, नरसाळ्यात निंबोळ्या.

२००९ ला छाटला आणि तेच दोन पावसाळे रेषा सरळ होती.

आकडेमोड

बापरे, काय सापडलंय तुम्हाला! आणि बघा, हलका पाऊस पानंच पिऊन टाकतात, दोन-चार मिमी खाली पोचतच नाही. धो-धो पाऊस मात्र पानांतून खाली येतोच. म्हणजे लिंबानं नेमकं तेच केलं जे आपण हवामान बदलाचं लक्षण समजत होतो: हलके दिवस गायब, मोठे दिवस शाबूत. नियम असा की आडोशाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा.

तरी वही वाया नाही. २००३ पर्यंतच्या सोळा पावसाळ्यांचे सगळे आकडे चांगले, पुढचे मोठे दिवस तालुक्याशी ताडून वापरता येतील. एका गावात बत्तीस वर्षांत ६५ च्या वरचे दिवस मुळात मोजकेच, त्यावर कुठलीच चाचणी ठाम बोलणार नाही. ते बोलायला शंभर गावं एकत्र घ्यावी लागतात, मोठ्या अभ्यासांत वाढ दिसते ती त्यामुळं.

जुनाजाणता

मांजराकाठ, सगळं उघडपणे इथं लिहिलंत याचं फार कौतुक वाटलं. तालुक्याच्या रजिस्टरात पावसाचे दिवस घटलेत का मग?

मांजराकाठ

थोडे घटलेत काका, पण चाचणीत बसण्याइतके नाहीत. मोठे दिवस तिथंही थोडे वाढलेले दिसतात. शेजारच्या अंबाजोगाई, कळंब आणि धारूरची रजिस्टरं मिळतात का बघतोय, चार तालुके झाले की परत मोजू.

काळी_माती

कळंबला माझा मेहुणा आहे, सोमवारी पाठवतो त्याला तहसीलमध्ये. आणि ते पर्जन्यमापक कुठं मिळतं, किती रुपये, ते सांगा. आम्ही गावात बसवतो.

मांजराकाठ

काळी_माती, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आम्ही नवं बसवलं, परसातून काढून खळ्यावर, चारी बाजूंनी मोकळं, काठ जमिनीपासून तीस सेंटिमीटर. जुनं लिंबाखालचंही तसंच ठेवलंय, आकडेमोड ताईंनी सांगितल्यासारखं, दोन्ही जोडीनं मोजायला. आईनं बारावी वही सुरू केली. काल रात्री थोडा शिंतडला. सकाळी साडेआठला फोन आला: खळ्यावर ३.२, लिंबाखाली ०.४, शेरा "आभाळ आहे".